चांगथांगमध्ये स्वतःचा तंबू: किलोमीटर नंतर, आधी रात्री मोजा

प्रश्न थोडक्यात असा: चौघे जण, स्वतःची डिझेल एसयूव्ही, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. लेहच्या पुढे चांगथांगच्या पठारावर हानले, त्सो मोरिरी, त्सो कर अशा फेरीत होमस्टे न घेता तंबूत राहायचं आहे. सह्याद्रीत किल्ल्यांवर मुक्काम करायची सवय आहे. वेगळं काय करावं लागेल?

सामानाच्या यादीने सुरुवात करू नका. पहिल्यांदा एका कागदावर प्रत्येक रात्र कुठे झोपणार आणि ती जागा किती मीटरवर आहे एवढंच लिहा. दिवसा किती उंच खिंड ओलांडली याला फार महत्त्व नाही. रात्री शरीर कुठे झोपतं यावर सगळं ठरतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची, हा डॉक्टर आणि गिर्यारोहक दोघांनी मान्य केलेला हिशोब आहे. तो लडाखच्या नकाशावर बसवला की फेरीचा क्रम आपोआप ठरतो.

लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने थेट उतरलात तर तिथे तीन रात्री द्या, त्यातला पहिला दिवस पूर्ण आडवं पडून. गाडीने येताना श्रीनगरकडून आलात तर कारगिल (२,६८० मीटर) मध्ये लागतं, चढ हळूहळू होतो आणि लेहमध्ये दोन रात्री पुरतात. मनालीकडून येणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे सरचू. मनाली २,०५० मीटरवर, सरचू ४,२९० मीटरवर. एका दिवसात २,२०० मीटर वर जाऊन तिथे झोपलेल्यांपैकी बऱ्याच जणांची रात्र डोकं धरून आणि ओकाऱ्या काढत जाते. त्या बाजूने यायचंच असेल तर जिस्पाला (सुमारे ३,२०० मीटर) दोन रात्री काढा आणि पहाटे निघून सरचू-पांगमध्ये न थांबता लेह गाठा. दिवस लांबलचक होतो, पण रात्र खाली मिळते.

लेहच्या पुढचा क्रम असा ठेवा: पहिली रात्र चुमाथांगच्या आसपास सिंधूकाठी, साधारण ४,००० मीटर. दुसरी आणि तिसरी हानले, गाव सुमारे ४,३०० मीटर. चौथी आणि पाचवी त्सो मोरिरीजवळ कोरझोक परिसरात, ४,५०० च्या थोडं वर. सहावी त्सो कर, तेवढ्याच उंचीवर. सातव्या दिवशी तांगलांग ला ही खिंड (५,३२८ मीटर) ओलांडून रुमत्से, उपशी आणि लेह. बहुतेक जण ही फेरी उलटी करतात, कारण त्सो कर लेहपासून जवळ आहे. पण उलट्या फेरीत पहिलीच रात्र ३,५०० वरून एकदम ४,५३० वर जाते.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. उंचीचा आजार झाला की एकच खात्रीचा उपाय असतो, तो म्हणजे खाली उतरणं. चांगथांग हे पठार आहे. तिथे 'खाली' सहज सापडत नाही. म्हणून कागदावर प्रत्येक मुक्कामासमोर तिसरा रकाना करा: इथून उतरायचं कुठून? चुमाथांग आणि हानलेहून उत्तर सोपं आहे. न्योमा, माहे असं करत सिंधूच्या प्रवाहाबरोबर लेहकडे, मध्ये एकही खिंड नाही. कोरझोकहून माहेला येताना सुमडोच्या अलीकडे एक चढ लागतो, तो संपला की मग उतारच. त्सो करहून मात्र दोन्ही वाटा आधी वर जातात: एक तांगलांग लावरून, दुसरी पोलोकोंगका लावरून पुगा आणि माहेकडे. आजारी माणसाला घेऊन आधी आणखी वर चढायचं, ही परिस्थिती कुणावर येऊ नये. त्यामुळे त्सो कर शेवटी ठेवा, आणि कोरझोकला एकाचंही डोकं दुखत असेल किंवा जेवण जात नसेल तर त्सो कर सोडून माहेमार्गे परत या.

तब्येतीचं बोलणं निघालंच आहे तर

४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्के असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के; पण दाबच कमी असल्याने प्रत्येक श्वासात मिळतो तो कमी. पहिल्या दोन रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन मग धापा टाकत जाग येते. शेजारी झोपलेला घाबरतो, पण या उंचीवर हे बहुतेकांना होतं आणि एरवी तब्येत ठीक असेल तर धोक्याचं नसतं. धोक्याची चिन्हं निराळी आहेत. स्वस्थ बसलेलं असतानाही धाप, ओला खोकला, ओठ निळसर: ही फुफ्फुसात पाणी होण्याची लक्षणं. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणं, असंबद्ध बोलणं, कमालीची सुस्ती: हा मेंदूला सूज आल्याचा इशारा. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता का होईना, गाडी काढायची. म्हणूनच चौघांपैकी एका चालकाने संपूर्ण प्रवासात दारू घ्यायची नाही. खरं तर कुणीच नाही, कारण दारू आणि झोपेच्या गोळ्या रात्रीचा श्वास आणखी मंद करतात.

प्रतिबंधासाठी अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) १२५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, चढाच्या आदल्या दिवसापासून, हा प्रौढांसाठी प्रचलित डोस आहे. सल्फा औषधांची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो लागू नाही, म्हणून निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा आणि डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेवर), निफेडिपिन (फुफ्फुसातल्या पाण्यावर) कधी व किती घ्यायचं हेही त्यांच्याकडूनच लिहून आणा. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बिघडते, घाबरू नका. गोळी घेतली म्हणून वरचा ५०० मीटरचा नियम मोडायची मुभा मिळत नाही.

पल्स ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण त्याच्या आकड्याची पूजा नको. या उंचीवर ८० ते ८८ आकडा धडधाकट माणसातही दिसतो, आणि गार बोटावर यंत्र काहीही दाखवतं. चौघांत एकाचाच आकडा इतरांपेक्षा बराच खाली आणि त्याला त्रासही होतोय, तेव्हा लक्ष द्या. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा हलका डबा घेऊ नका. १० लिटरचा डबा मिनिटाला २ लिटर वेगाने पाच मिनिटांत संपतो. घ्यायचाच तर लेहमधून मास्क आणि रेग्युलेटरसह खरा सिलिंडर भाड्याने घ्या. ४०० लिटर मावणारा याच वेगाने तीन तास वीस मिनिटं चालतो, म्हणजे खाली उतरेपर्यंत उपयोगी पडतो. न्योमाला आरोग्य केंद्र आहे. मोठं रुग्णालय म्हणजे लेहचं सोनम नोरबू मेमोरियल.

पाणी: समोर सरोवर, प्यायला थेंब नाही

लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पडतं. चांगथांगमध्ये सरोवरं आहेत, पण ती बहुतेक वाहून न जाणारी. त्सो मोरिरीचं पाणी मचूळ, त्सो करचं तर खारट. पूर्वी तिथून मीठ काढत. पुगा आणि चुमाथांगच्या गरम झऱ्यांच्या पाण्यात गंधक आणि टाकणखार. हात-पाय शेकायला छान, पोटात नको. पिण्याजोगं पाणी म्हणजे गावातले नळ आणि झरे, बर्फाच्या ओढ्यांचं पाणी आणि सिंधू.

हिशोब असा धरा: पिणं, चहा, सूप, स्वयंपाक आणि थोडी भांडी मिळून माणशी ५ लिटर रोज. चौघांचे २०. दोन २० लिटरचे कॅन म्हणजे दोन दिवस. लेह, न्योमा, हानले, कोरझोक इथे भरत गेलात तर फेरी सहज होते. मधली कुठलीही पट्टी दोन दिवसांपेक्षा मोठी नाही. तिसरा १० लिटरचा कॅन राखीव, तो उघडायचाच नाही. एकच मोठा पिंप घेऊ नका. फुटला की सगळं पाणी एकदम जातं.

सिंधूचं पाणी गढूळ. रात्री बादलीत तुरटी फिरवून ठेवा, सकाळी वरचं निथळ काढा आणि मग उकळा. थेट फिल्टरला लावलंत तर दोन दिवसांत फिल्टर चोंदतो. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा ओला होऊन गोठला की धागे आतून तडकतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी मात्र तसंच गाळल्याविना येत राहतं. म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगेत, खिशातल्या पिशवीत. उकळताना लक्षात ठेवा, इथे पाणी ८५ अंशांनाच उकळतं. खळखळून तीन मिनिटं उकळू द्या, जंतूंसाठी तेवढं पुरतं.

कॅन काठोकाठ भरू नका, दहावा हिस्सा रिकामा ठेवा. रात्री बाटल्या उलट्या ठेवायच्या: बर्फ वरच्या बाजूने धरतं, त्यामुळे बूच मोकळं राहतं. झोपताना एका पक्क्या झाकणाच्या बाटलीत उकळतं पाणी भरून मोज्यात घालून पायाशी घ्या. रात्रभर ऊब देते आणि सकाळी पहिला चहा गोठलेल्या पाण्यापासून सुरू करावा लागत नाही.

जागा आणि वारा

सह्याद्रीत तंबू पावसासाठी लावतात, इथे वाऱ्यासाठी. सकाळ बहुतेक शांत असते. दुपारी जमीन तापली की वारा सुटतो, तीन-चारपासून अंधार पडेपर्यंत धुळीसकट झोडपतो. त्यामुळे दोन-अडीचपर्यंत मुक्कामी पोहोचणं हा सगळ्या नियोजनाचा कणा आहे. पाच वाजता पोचून चौघांनी मिळूनही तंबू उभा करणं म्हणजे पतंगाशी कुस्ती.

जागा निवडताना आधी वर पाहा. डोंगरातून उतरलेल्या कोरड्या नाल्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली गोट्यांची सपाटी असते, तंबूला मोहात पाडणारी. ती सपाटी पुरानेच घडवलेली आहे. २०१० साली ५ ऑगस्टच्या मध्यरात्री लेहवर झालेल्या ढगफुटीत जे वाहून गेलं ते अशाच मुखांवरचं होतं. आकाश निरभ्र असलं तरी वीस किलोमीटर मागे पाऊस पडलेला असू शकतो. मग खाली पाहा. सरोवराकाठची हिरवी, स्पंजासारखी दबणारी जमीन ही दलदल आहे, आणि त्सो करच्या काठचा पांढरा पापुद्रा म्हणजे चिखलावरचं झाकण. माणूस जातो, गाडी रुतते. अगदी खोलगट तळही नको, रात्री थंड हवा उतरून तिथेच साचते. तळापासून १५-२० मीटर वर, मागे बुटका उंचवटा किंवा मोठा खडक, पूर्वेला मोकळं. पूर्व का, ते सकाळी सहा वाजता समजतं: ऊन तंबूवर अर्धा तास आधी आलं की अख्खी सकाळ सुकर होते.

दगड लागतील ते सुटे उचला. दगडांची रचलेली लांब भिंत दिसली आणि त्यावर अक्षरं कोरलेली असली तर ती मणी भिंत. तिचा एकही दगड हलवायचा नाही. मेंढ्यांचे दगडी कोंडवाडे रिकामे दिसले तरी ते चांगपा पशुपालकांचे आहेत. गवताळ पट्ट्यात गाडी घालू नका. विरळ दिसणाऱ्या त्या गवतावर त्यांच्या पश्मिना बकऱ्या हिवाळा काढतात आणि चाकोरीची खूण तिथे वर्षानुवर्षं बुजत नाही.

तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा, बुटका, आणि फ्लायशीट, म्हणजे बाहेरचं आवरण, जमिनीपर्यंत येणारं असावं. आतला भाग पूर्ण जाळीचा असेल तर रात्री चेहऱ्यावर धुळीचा थर बसतो. निदान अर्ध्या उंचीपर्यंत कापड हवं. अरुंद टोक वाऱ्याकडे. तंबूसोबत येणाऱ्या सुईसारख्या खुंट्या घरीच ठेवा: गोटाळ जमिनीत त्या वाकतात, वाळूत निसटतात. गोट्यांसाठी २५ सेंटिमीटरचे जाड लोखंडी खिळे आणि एक किलोची हातोडी. वाळूसाठी रिकाम्या कापडी पिशव्यांत वाळू-गोटे भरून, दोरी बांधून फूटभर खोल आडव्या पुरा. दोरीवर जमिनीशी ४५ अंशांचा ताण असू द्या. दगडाला दोरी थेट बांधली तर रात्रभराच्या घासण्याने तुटते, म्हणून दोरी एका काडीला बांधा आणि काडीवर दगड ठेवा. ४ मिलिमीटरची २० मीटर जादा दोरी, काठी मोडली तर वरून सरकवायची धातूची नळी, आणि चेन अडकू नये म्हणून मेणबत्तीचा तुकडा. बारीक धूळ चेन खाते. रोज रात्री ब्रशने झाडा. आणि तंबू उभा करताना पहिली खुंटी मारल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावू नका. पठारावर सुटलेला तंबू पळून पकडता येत नाही. शंभर मीटर धावलात तर स्वतःच आडवे व्हाल.

झोप

सप्टेंबरच्या पूर्वार्धात ४,५०० मीटरवर रात्री पारा शून्याच्या आसपास असतो, निरभ्र रात्री उणे ५ पर्यंत. तिसऱ्या आठवड्यानंतर उणे ८-१० धरून चाला. स्लीपिंग बॅगेच्या लेबलवर तीन आकडे असतात. जाहिरातीत ठळक छापलेला 'एक्स्ट्रीम' हा माणूस जेमतेम तग धरेल असा आकडा आहे. तुम्ही बघायचा तो 'कम्फर्ट', आणि तो उणे ५ ते उणे ७ असावा. त्याहून जास्त चुका मॅटच्या बाबतीत होतात. हजारो रुपयांची पिसांची बॅग घेऊन खाली योगासनांची चटई अंथरणारे थंडीने उठतात, कारण अंगाखाली पिसं दबतात आणि ऊब जमिनीत जाते. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे ऊब जमिनीत जाण्यापासून अडवण्याचं माप, ४ ते ५ हवी. एका फुगवायच्या मॅटऐवजी खाली फोम आणि वर फुगवायची अशी जोडी घ्या. दोन्हींच्या आर-व्हॅल्यू मिळवल्या जातात आणि काट्याने एक फुटली तरी रात्र निभावते.

झोपण्यापूर्वी कपडे बदला, कोरडे मोजे आणि कोरडं बनियन. तंबू गच्च बंद करायचा मोह होतो. केलात तर चौघांच्या श्वासाची वाफ आतून गोठते आणि सकाळच्या उन्हात अंगावर पाऊस पडतो. वरची झरोक्याची चेन उघडीच ठेवा. तोंड बॅगेत घालून श्वास सोडू नका, टोपी आणि गळपट्टा वापरा.

चूल आणि जेवण

गाडी आहे, मग लहान डब्यांपेक्षा ५ किलोची टाकी आणि रुंद बर्नर सोयीचा. विमानाने येणार असाल तर गॅसचा कुठलाही डबा, भरलेला किंवा अर्धा, सामानात चालत नाही, लेहमध्येच घ्या. स्क्रूचे डबे घ्यायचे तर प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण बघा. साधा ब्युटेन शून्याखाली ढिला पडतो. चौघांना रोज १५० ते २०० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे सहा दिवसांना राखीव धरून ४५० ग्रॅमचे तीन डबे. वाऱ्याला आडोसा तीन बाजूंनी. डब्यावरच बसणाऱ्या चुलीला चहूबाजूंनी पत्रा लावलात तर डबा तापून फुटू शकतो. खटक्याचे लायटर या उंचीवर दगा देतात, चकमकीचा लायटर आणि दोन ठिकाणी ठेवलेल्या काडेपेट्या हव्यात.

तंबूच्या आत चूल पेटवायची नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. विरळ हवेत जळण अपुरं होतं, कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असल्याने कुणाला संशयही येत नाही. हीटरसाठी गाडीचं इंजिन चालू ठेवून आत झोपणं हाही तोच प्रकार.

८५ अंशांच्या पाण्यात तूरडाळ कितीही वेळ ठेवा, शिजत नाही. कुकर हवाच. पण कुकरही इथे कमी तापतो: बाहेरचा दाबच कमी असल्याने आतलं तापमान १२१ ऐवजी साधारण ११३ अंशांपर्यंत जातं. डाळीला शिट्ट्या दीडपट धरा आणि आधी चार तास भिजवा. मूगडाळीची खिचडी, पोहे, भाजलेल्या रव्याचा उपमा, शेवया सोप्या. स्थानिक त्सांपा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, लेहच्या बाजारात मिळतं. चहात कालवलं की जेवण झालं, गॅस शून्य. भूक मरते, म्हणून आवडीचं खारट-आंबट काहीतरी घ्या. शाकाहारी असा वा नसा, रात्री सूप चुकवू नका. पाणी पोटात जायचा तोच सोपा मार्ग.

जेवण झाल्यावर अन्न तंबूत ठेवू नका, गाडीत. हिमबिबट्या-लांडग्यांपेक्षा भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांचा त्रास जास्त आहे. ही कुत्री उष्ट्यावर वाढतात आणि काळ्या मानेच्या क्रौंचांची अंडी-पिल्लं फस्त करतात, तेव्हा उरलेलं बाहेर टाकणं हे नुसतं अस्वच्छतेचं प्रकरण नाही.

गाडी

पूर्ण फेरी ६५० ते ७०० किलोमीटरची. खडबडीत रस्ता आणि कमी गिअर धरून लिटरला ९-१० किलोमीटरच धरा, म्हणजे ७०-७५ लिटर. लेहमध्ये टाकी काठोकाठ आणि २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन, तोही थोडा रिकामा. टर्बो डिझेलला उंची फारशी जाणवत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद इथे निम्म्याच्या जवळ येते, चढावर चार माणसं आणि सामान त्याला जड जातं. रात्रभराच्या थंडीत डिझेल घट्ट होऊन सकाळी गाडी धरली नाही तर ऊन इंजिनवर येईपर्यंत थांबा. बॉनेट पूर्वेकडे करून गाडी लावायची ती याचसाठी. टाकीखाली जाळ करायचे उपद्व्याप नकोत.

टायरची एक गंमत. मापक बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवतो, त्यामुळे किनारपट्टीवर ३२ भरलेला टायर ४,५०० मीटरवर, तेवढ्याच तापमानाला, ३८ दाखवतो. टणक टायर गोट्यांवर उडतो आणि कापला जातो. लेहमध्ये सकाळी थंड असताना नीट करून घ्या. वाळूत रुतायची वेळ आली तर १८-२० पर्यंत उतरवा. पण पुन्हा भरायला स्वतःचा कॉम्प्रेसर हवा. ट्यूबलेसच्या पट्ट्या १०, दोन फावडी, ओढायचा पट्टा, जम्पर केबल. स्टेपनीबरोबर दुसरी स्टेपनी मिळाली तर उत्तम, कारण टायरची कड फाटली तर पट्टी काम करत नाही. ओढे सकाळीच ओलांडा: बर्फ दुपारी वितळतो आणि संध्याकाळी पाणी सर्वाधिक असतं.

बाहेरच्या राज्यातून भाड्याने घेतलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी लेहच्या पुढे स्थानिक टॅक्सी संघटना चालू देत नाहीत. गाडी स्वतःच्या नावावर हवी, नाहीतर निदान घरच्यांच्या, नात्याचा पुरावा सोबत ठेवून.

कागद, फोन, दिवे

२०२१ पासून भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिटची सक्ती राहिलेली नाही. पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून पावती चेकपोस्टवर दाखवावी लागते. फॉर्ममध्ये चुमाथांग, न्योमा, हानले, कोरझोक, त्सो कर ही नावं सगळी घाला, सहा छापील प्रती घ्या, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. माहे आणि लोमाच्या पुलांवर, लष्करी ठाण्यांवर फोटो काढू नका. ड्रोन घरी. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी खिशातली यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशातून आणलेलं असलं तरी ते सोबत नको. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही न्योमाच्या पुढे भरवशाचं नाही. म्हणून लेहमध्ये एका माणसाकडे मुक्कामांची यादी आणि 'अमुक तारखेला रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर न्योमाला कळव' अशी स्पष्ट सूचना ठेवा.

तंबू लावण्याआधी गावच्या गोबाला, म्हणजे मुखियाला, विचारा. त्सो मोरिरीच्या काठावर मुक्काम करता येत नाही. ते २००२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार जपलेली पाणथळ जागा आहे. कोरझोकला गावाजवळ ठरवून दिलेल्या जागा आहेत. त्सो करही २०२० पासून रामसर यादीत आहे. तिथे थुकजे गावाशी बोलून काठापासून दूर राहा, शेजारच्या गोड्या पाण्याच्या स्तार्त्सापुक त्सोवर क्रौंच घरटी करतात.

हानले २०२२ मध्ये जाहीर झालेलं देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपण्यासाठी राखलेला परिसर आहे आणि तिथल्या टेकडीवर दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण काम करते. तुमच्या तारखांत अमावास्या हानलेच्या दोन रात्रींना जुळवा. हेडलॅम्प लाल प्रकाशाचे, गाडीचे दिवे बंद, तंबूत कंदील लावलात तरी बाहेर दिसू नये. लिथियम बॅटऱ्या थंडीत अर्ध्या होतात. पॉवर बँक आणि फोन बॅगेत घेऊन झोपा, आणि गोठलेली बॅटरी उबदार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. अतिनील किरण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात: गॉगल, ओठांचं मलम आणि कानांच्या पाळ्यांनाही सनस्क्रीन. सर्वात काळी, चौथ्या श्रेणीची काच गाडी चालवताना मात्र वापरायची नसते.

उरलेलं एक

शौचाचा प्रश्न लाजून टाळू नका. खड्डा करून पुरण्याची आपली पद्धत या मातीत निकामी आहे: ओल नाही, ऊब नाही, कुजवणारे जंतू नाहीत. पुरलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि वारा माती उडवतो तेव्हा उघडं पडतं. गावात लडाखी कोरडी शौचालयं असतात, विचारून ती वापरा. नसेल तिथे जाड कचऱ्याची पिशवी, तळाशी मूठभर राख किंवा चुना, घट्ट झाकणाची बादली. टिश्यू आणि ओले पुसणे त्यातच. ही बादली गाडीच्या छतावर बांधा आणि झाकणावर पट्टा आवळा. लेहमध्ये घट्ट लावलेलं झाकण उंचीवर आतल्या दाबाने फुगून उघडतं, म्हणून पट्टा बांधण्याआधी वर पोचल्यावर एकदा झाकण सैल करून हवा सोडायची.